समोरचं लपण

शिकारीला लपून बसायच्या कापडी लपणाचे फायदे दुकानदार सांगतो आणि तोटे मेहुणा. दोघांचं शांतपणे ऐकून घ्यावं आणि शेवटी बायको म्हणेल ते करावं. माझं तसंच झालं.

चाळीस वर्षं मी हरणाची शिकार मचाणावरून केली. आमच्या विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, दलदलीच्या कडेच्या मेपलवर, पंधरा फूट उंच. तिथून चारी दिशा दिसायच्या आणि खाली कुणाला मी दिसायचो नाही. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्यानं राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद. व्हर्ना, म्हणजे माझी बायको, त्याच्याही पुढे गेली.

"या हंगामात जमिनीवर बसून एक हरीण आण," ती म्हणाली. "आणलंस तर पुढंही जा, मी एक शब्द बोलणार नाही. नाही आणलंस तर तुझ्या वडिलांची रायफल डेलला देऊन टाकायची आणि तू घरात बसायचं."

"आणि एखादा शब्द बोललीस तर?"

"ऑरिन, मी गंमत करत नाहीये."

डेल हा तिचा धाकटा भाऊ. शेजारचं शेत त्याचं. माझ्या रायफलीकडे तो गेली वीस वर्षं असा बघतो, जसा कुत्रा जेवणाऱ्या माणसाकडे बघतो. गोंडस चेहऱ्यानं, पण नजर न हलवता.

तर लपण आणलं. ते गोल पिशवीत येतं. बाहेर काढून चारी भिंतींच्या मधल्या दोऱ्या ओढल्या की फट् फट् आवाज करत भिंती फुगतात आणि दोन मिनिटांत एक खोली उभी राहते. आतून काळी कुळकुळीत, बाहेरून झाडाची पानं छापलेली. माझ्या लपणावर ओकची पानं होती. आमच्या दलदलीत ओकचं एकही झाड नाही, पण हरणांनी तक्रार केली नाही.

फायदे खरे आहेत. वारा लागत नाही. अंगाचा वास बराचसा आतच राहतो. नाक शिंकरता येतं, सँडविच खाता येतं, गुडघा चोळता येतो. हलताना दिसत नाही, कारण आत अंधार. तोटा असा की समोर एक फट उघडी असते आणि जग तेवढंच उरतं. शिवाय जनावराला कालपर्यंत तिथं नसलेली खोली आज दिसली तर ते दोन-तीन आठवडे लांबून फिरतं. म्हणून लपण आधी लावून ठेवायचं. सवय होऊ द्यायची. मी हंगामाच्या तीन आठवडे आधी गवताच्या शेताच्या पश्चिम कडेला, बुटक्या टेकडीसमोर लावलं आणि सेडारच्या फांद्या खोचल्या. वर नारिंगी कापड बांधलं, कारण बंदुकीच्या हंगामात ते बांधावंच लागतं. आत माणूस आहे हे दुसऱ्या शिकाऱ्याला दिसायला हवं.

डेल बघायला आला होता. आत डोकावून म्हणाला, "मागची खिडकी बंद कर."

"का?"

"मागून उजेड आला की तुझी काळी आकृती उठून दिसते. आत अंधार असला तरच तू नाहीस."

"मला पाठीमागचं दिसलं नाही तर जेवण पचत नाही."

"अरे म्हाताऱ्या, हरणाला तुझं पोट कळत नाही."

मी हो म्हणालो आणि तो गेल्यावर खिडकी उघडीच ठेवली. चाळीस वर्षं चारी दिशा बघितलेल्या माणसाला एका फटीत बसवलं, तर तो एवढं तरी करणारच.

पहिल्या शनिवारी उजाडताना मी जाऊन बसलो. धुकं उतरलं, गवत दिसायला लागलं, आणि शेताच्या पलीकडच्या कडेला, स्प्रूसच्या झाडांखाली, दुसरं लपण दिसलं.

जमीन माझी. चाळीस एकर, चारी बाजूंनी कुंपण. मी कुणाला परवानगी दिलेली नव्हती. अंतर मोजायच्या दुर्बिणीनं बघितलं: दोनशे ऐंशी यार्ड. नारिंगी कापड कुठंही नाही. एक खिडकी उघडी, माझ्याकडे तोंड करून. आत अंधार. आत अंधार म्हणजे कुणी बसलंय की नाही ते कळायचा मार्ग नाही. आपण स्वतः त्यासाठीच असलं काही विकत घेतो, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

वाचकाला वाटेल, उठून जायचं आणि विचारायचं. वाचक हरणाच्या शिकारीला गेलेला नाही. पहिल्या दिवशी शेत तुडवत गेलं तर बुटांचा वास गवताला लागतो आणि हरणं आठवडाभर तिथं पाऊल टाकत नाहीत. माझ्याकडे नऊ दिवस होते आणि रायफल पणाला लागली होती. मी बसून राहिलो.

दुपारी तीन माद्या आल्या आणि मला पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं. माझ्या लपणाकडे त्या कान टवकारून बघत होत्या, तीन आठवडे होऊनही. दुसऱ्या लपणाच्या मात्र अगदी भिंतीला लागून चरल्या. एकीनं तर कापडाला अंग घासलं. म्हणजे ते माझ्याआधीपासून तिथं होतं. आणि मी हे शेत रोज बघतो.

रविवारी दुर्बिणीत दोनशे पंचेचाळीस आलं. म्हटलं, काल चुकलं असेल. सोमवारी एकशे नव्वद. दुर्बीण खराब झाली असेल म्हणून कुंपणाचा तिसरा खांब मोजला, जो माझ्या वडिलांच्या काळापासून डावीकडे कलला आहे. तो होता तिथंच होता.

सोमवारी संध्याकाळी वन्यजीव खात्याच्या वॉर्डनबाईंना फोन केला.

"त्यावर नारिंगी कापड आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तो गुन्हा आहे."

"कुणाचा?"

"आत जो बसलाय त्याचा."

"आत कोण बसलंय ते माहीत नाही."

"मग नाव कळल्यावर फोन करा," त्या म्हणाल्या. बाई कामसू होत्या. हंगामाचा आठवडा, त्यांच्यावर अर्ध्या जिल्ह्याचा भार.

बुधवारी ते एकशे वीसवर आलं. एवढ्या अंतरावरून कापडाचे टाके दिसायला हवेत, पण ते लपण नीट दिसायचंच नाही. नजर त्यावर ठेवली की ते दिसे. जरा बाजूला गेली की फक्त स्प्रूसची झाडं उरत. मी दोनदा ते हरवून बसलो आणि दोन्ही वेळा शोधताना घाम आला. बाहेर शून्याखाली सहा होतं.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण. सकाळी बसलो, दुपारी घरी आलो. टर्की, कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरी आणि व्हर्नानं भट्टीत भाजलेलं भोपळ्याचं गोड. डेल आपल्या बायकोला, जॉइसला, घेऊन आला होता. त्याचा ब्रँडीचा दुसरा ग्लास चालू होता.

"ऑरिन," तो म्हणाला, "तू दोन लपणं कशाला लावलीस? एका ढुंगणाला किती खुर्च्या लागतात?"

"डेल, जेवतोय आपण," व्हर्ना म्हणाली.

"दुसरं तुझं नाही?" मी विचारलं.

"माझं कशाला असेल? मंगळवारी रस्त्यावरून जाताना दिसलं. मला वाटलं, ताईनं तुझ्यावर लक्ष ठेवायला कुणी बसवलंय."

"मी लक्ष ठेवायचं ठरवलं तर लपणार नाही," व्हर्ना म्हणाली, आणि ते खरं आहे.

मग मी आकडे सांगितले. दोनशे ऐंशी, दोनशे पंचेचाळीस, एकशे नव्वद. मंगळवारी एकशे साठ, काल एकशे वीस, आज सकाळी एकशे पाच. डेलनं ग्लास खाली ठेवला.

"हे तर तू रानातल्या टर्कीला करतोस," तो म्हणाला.

"काय?"

"वसंतात. तूच मला शिकवलंस. लपण लांब लावायचं आणि रोज थोडं पुढं सरकवायचं. पाखरू बघतं, पळत नाही, कारण काल पण ते तिथंच होतं असं त्याला वाटतं. 'घाई नको, डेल,' म्हणायचास. 'त्याला वाटलं पाहिजे की आपण त्याच्या घराचाच भाग आहोत.'"

जॉइसनं भोपळ्याच्या गोडाचा एक तुकडा कापून उगाचच माझ्या ताटात ठेवला.

"उद्या जाऊ नकोस," डेल म्हणाला.

"आणि रायफल?"

"रायफल छानच आहे," तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. "तसं नाही रे. खरंच जाऊ नकोस."

व्हर्ना म्हणाली, "ते पैजेचं राहू दे, ऑरिन. रायफल ठेव. पुढच्या वर्षी बघू."

त्या क्षणी थांबायला हवं होतं. पण बायकोनं दया म्हणून दिलेली रायफल खांद्याला लावून मी पुढच्या वर्षी कुठं बसणार होतो? मला हरीण हवं होतं, आणि ते माझ्या हातानं हवं होतं. शुक्रवारी उजाडताना मी परत खुर्चीत होतो.

पंच्याऐंशी.

शुक्रवारची गोष्ट सांगायला मला आवडत नाही, कारण त्या दिवशी मला भीती वाटली नाही. दहा वाजता थर्मासमधून कॉफी ओतली आणि पेला त्या खिडकीच्या दिशेनं जरासा उंच केला, जसा आपण ओळखीच्या माणसाला करतो. करून झाल्यावर लक्षात आलं. हरणांना सवय व्हायला तीन आठवडे लागतात. मला सात दिवस पुरले.

शनिवारी बर्फ पडला. साठ. मी बसलो, ते दिसलं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. सोबत असल्यासारखं.

रविवार हंगामाचा शेवटचा दिवस. पस्तीस. आता दुर्बीण लागत नव्हती. दिवसभर काही आलं नाही. कायद्यानं गोळी झाडायची वेळ सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी संपते. त्या दिवशी ती पाच वाजायला वीस मिनिटं कमी असताना संपणार होती. चार वाजून दहा मिनिटांनी दलदलीतून नर बाहेर आला.

असा नर मी चाळीस वर्षांत दोनदा पाहिला असेन. बारा टोकांची शिंगं, मान घोड्यासारखी. बर्फात पाय न वाजवता तो सरळ आला आणि त्या लपणाच्या आणि माझ्या बरोबर मध्ये आडवा उभा राहिला. सतरा-अठरा यार्ड. एवढ्या जवळून माझ्या आईनंही मारला असता, आणि तिला मांजरसुद्धा नीट दिसायचं नाही.

रायफल खिडकीवर टेकवली. नराच्या खांद्यामागची जागा रायफलीवरच्या दुर्बिणीच्या काट्यात आली. आणि त्याच काट्यात, नराच्या मागे, ती काळी खिडकी.

आमच्याकडे मुलाच्या हातात बंदूक देण्याआधी एक गोष्ट शिकवतात: जनावराच्या मागे काय आहे ते कळल्याशिवाय गोळी झाडायची नाही. गोळी हरणात थांबेलच असं नाही. मागे टेकडी असेल तर मारायचं, घर असेल तर सोडायचं, आणि माहीत नसेल तर ते घरच आहे असं समजायचं.

"दोन पावलं चाल," मी ओठांत म्हणालो. "बाबा रे, फक्त दोन."

तो हलला नाही. माझ्याकडे बघत राहिला. माझ्या लपणाकडे नव्हे, खिडकीतल्या माझ्याकडे. मी चापावरचं बोट उचललं, परत ठेवलं. आत कुणी नाही, असं स्वतःला सांगून बघितलं. नऊ दिवसांत आत कुणी जाताना दिसलं नाही, बाहेर येताना दिसलं नाही. मग स्वतःलाच उत्तर दिलं: माझ्या लपणाबद्दलही हरणं हेच म्हणत असतील.

चार पस्तीसला नर निघाला. वळून, सावकाश, थेट त्या लपणाच्या दिशेनं, म्हणजे शेवटपर्यंत माझ्या आणि त्या खिडकीच्या रेषेतच. भिंतीपाशी पोचला तसा कापडाच्या कडेनं पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. एकही पाऊल रेषेबाहेर नाही. तसं चालायला कुणीतरी शिकवलं असावं, असं.

घड्याळात वेळ संपली. रायफल रिकामी केली. हरीण मिळालं नाही, आणि मला फक्त एवढंच वाटलं की आता शेत तुडवायला हरकत नाही.

मी गेलो. पस्तीस यार्ड बर्फ, नराच्या खुरांशिवाय कोरा. लपणाच्या भोवती माणसाचा एकही ठसा नाही. जवळ गेल्यावर कापड पाहिलं आणि पाय थबकले. त्यावर ओकची पानं नव्हती. स्प्रूसच्या फांद्या होत्या, आमच्याच, बर्फ धरलेल्या. त्यांच्यामागे, कापडावरच, आमचं कुंपण होतं आणि तिसरा खांब डावीकडे कललेला.

"कोण आहे?" मी ओरडलो. "वेळ संपलीय. बाहेर या."

कुणी आलं नाही. दाराची चेन ओढली. आत एक घडीची खुर्ची, बाकी काही नाही. खालची जमीन बर्फाखालची नव्हे, तुडवून गुळगुळीत झालेली, बऱ्याच हंगामांची. खुर्चीवर हात ठेवला. उबदार होती.

मग मी ते केलं जे कुणीही शिकारी करेल. खुर्चीत बसलो आणि खिडकीतून बाहेर बघितलं.

मावळतीचा उजेड माझ्या लपणाच्या मागच्या खिडकीतून आत येत होता आणि समोरच्या खिडकीतून बाहेर. आतली प्रत्येक वस्तू काळी, स्वच्छ कापून काढल्यासारखी. खुर्ची. थर्मास. पेला, त्याचा कानसुद्धा. नऊ दिवस मी दुकानाच्या काचेत मांडल्यासारखा तिथं बसलो होतो. नाक शिंकरताना, गुडघा चोळताना, पेला उंच करताना. आणि इथं जो बसला होता, त्याच्यासाठी माझ्या मागे काय होतं? टेकडी. सगळीकडून बंद, गोळी सुरक्षित थांबेल अशी टेकडी. त्याला थांबायचं कारण नव्हतं. तरीही तो थांबला होता. का, ते मला टर्कीच्या हंगामामुळे माहीत आहे. पस्तीस यार्ड म्हणजे अजून लांब असतात. आपण अंतर वीसवर आलं की मगच गोळी झाडतो.

गुडघा विसरून मी घरापर्यंत चाललो. व्हर्ना दारात होती. माझ्या हातात नुसतीच रायफल बघून ती बाजूला सरली. दुसऱ्या दिवशी मीच ती डेलकडे नेऊन दिली.

"अरे, ताई नको म्हणाली ना," तो म्हणाला.

"घे," मी म्हणालो. "मला आता तिच्या मागे काय आहे ते कळत नाही."

नंतर आम्ही दोघं ते दुसरं लपण काढायला गेलो. दोऱ्या आत ढकलून ते चपटं केलं. पिशवी नव्हती, आणि असती तरी असली लपणं परत पिशवीत जात नाहीत, ते दुकानदारालाही जमत नाही. कोठारात नेऊन खतांच्या पोत्यांखाली दाबलं. सकाळी ते सफरचंदाच्या झाडांपाशी उभं होतं, खिडकी घराकडे. वॉर्डनबाई येऊन गेल्या. हंगाम संपल्यामुळे नारिंगी कापडाचा गुन्हा आता लागू नाही, म्हणाल्या. त्यांनी आत डोकावलं, खुर्चीवर हात ठेवला, आणि मग जरा घाईनं गाडीकडे गेल्या.

ख्रिसमसला ते लाकडाच्या ढिगाशी होतं. व्हर्ना रोज पडदे ओढायची. मार्चमध्ये बर्फ वितळला तसं तिनं ते ओढायचे सोडले. पडदे ओढले की स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो, म्हणाली, आणि तिला अंधारात कणीक मळायला आवडत नाही. मे महिन्यात मी त्याच्या कडेकडेनं गवत कापलं. कापून झाल्यावर बघितलं, तर कड किती सुबक आली होती.

पाहुणे पहिल्यांदा विचारतात. दुसऱ्यांदा आले की त्याच्या बाजूला गाडी लावतात. जॉइस परवा म्हणाली, अंगण आता त्याच्याशिवाय रिकामं वाटेल. कापडावर सध्या आमचं लायलॅकचं झुडूप आहे, फुलांसकट, आणि कपडे वाळत घालायची दोरी.

काल सकाळी नाश्त्याला बसलो होतो. अंडी, भाजलेला पाव. व्हर्नानं माझी खुर्ची हळूच तिच्या बाजूला ओढली, खिडकीपासून दूर, भिंतीला टेकून.

"इथं बस," ती म्हणाली.

"इथून बाहेरचं दिसत नाही."

"माहीत आहे."

मी बसलो. चार घास खाल्ले. मग मान लांब करून बघितलंच. मला काय माहीत, सवय आहे. ते लपण स्वयंपाकघराच्या खिडकीपासून एकवीस यार्डांवर होतं, आणि त्याच्या कडेला आमची मांजर उन्हात अंग घासत होती.